दोन इंचांचा शिपाई आणि उत्तरेची खिडकी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात रहिवाशांनी आपापल्या छंदाविषयी सभागृहात भाषणे केली. त्यांपैकी एका भाषणाचे हे शब्दांकन.)



सेक्रेटरी साहेबांनी मला दोन अटी घातल्यात. पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त बोलायचं नाही आणि पाण्याच्या टँकरचा विषय काढायचा नाही. दुसरी अट पाळणं अवघड आहे, पण प्रयत्न करतो.

आपल्या इमारतीतली मुलं मला 'सैनिकवाले काका' म्हणतात. त्यातली काही आता स्वतः बाबा झाली आहेत आणि त्यांची मुलं मला 'सैनिकवाले आजोबा' म्हणतात. घरात दीडशेच्या आसपास शिसाचे, प्लॅस्टिकचे आणि मातीचे सैनिक आहेत. त्यांचे घरच्या घरी, चांगल्या उजेडात फोटो कसे काढायचे, हे मी आज सांगणार आहे. समोरच्या या खोक्यात काय आहे ते शेवटी दाखवतो. मुलांनो, तोपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

सुरुवात वडिलांपासून करतो. ते गोदीत कारकून होते. १९५७ साली, मी सहा वर्षांचा आणि दादा दहा वर्षांचा असताना, एका शुक्रवारी ते चोर बाजारातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं घेऊन आले. त्यात तेरा शिपाई निघाले. पाच घोडेस्वार आणि आठ पायदळातले. घोडेस्वार हिंदुस्थानी, डोक्याला फेटा आणि हातात भाला, एकाच्या हातात तुतारी. पायदळवाले लाल कोटातले गोरे. किती पैसे दिले ते वडिलांनी आईला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

घोड्यांच्या पोटाखाली 'ब्रिटन्स' हे नाव होतं. ही लंडनची खेळण्यांची कंपनी. १८९३ साली त्यांनी पोकळ शिपाई ओतायची युक्ती काढली. वितळलेलं शिसं साच्यात ओतायचं, बाहेरचा पापुद्रा घट्ट झाला की आतलं पातळ शिसं परत ओतून घ्यायचं. शिपाई आतून पोकळ, म्हणून हलका आणि स्वस्त. उभा माणूस चोपन्न मिलिमीटरचा, म्हणजे दोन इंचांहून थोडा जास्त. घोडदळाच्या डब्यात बहुधा पाच, पायदळाच्या डब्यात आठ. मुंबई, बंगाल, मद्रास या तिन्ही प्रांतांच्या पलटणी त्यांनी केल्या होत्या, आणि कोणती पलटण हे कोट, फेटा आणि पट्टा यांच्या रंगावरून ओळखायचं. हा रंगाचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १९६६ला शिसाचे शिपाई करणं बंद झालं. मुलं खेळणी तोंडात घालतात आणि शिसं विषारी, हे उघड कारण.

मोठी माणसंही यांच्याशी खेळत, बरं का. एच. जी. वेल्स, तोच 'टाइम मशीन'वाला, त्याने १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक लिहिलं, ते या शिपायांची जमिनीवर लढाई कशी खेळायची यावर. त्यामुळे या वयात मी काय करतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे नाव लक्षात ठेवावं.

१९९८ला वडील गेले. बाकीच्या वाटण्या सुरळीत झाल्या आणि आम्ही दोघे भाऊ अडलो ते या तेरा शिपायांवर. हसू नका. दादा म्हणाला, घोडेस्वार थोरल्याचे. मी म्हणालो, तू नाशिकला, तुझ्या घरी वस्तू कशा असतात ते मला माहीत आहे. मी नीट ठेवीन. शोकेस करीन. वहिनी मध्ये पडल्या तेव्हा कुठे पाच घोडेस्वार माझ्याकडे आले आणि आठ पायदळवाले दादाकडे गेले. त्यानंतर वर्षभर आमचं बोलणं फक्त सणासुदीपुरतं होतं.

२००० साली आपण सगळे इथे राहायला आलो. लिफ्ट सुरू व्हायची होती, गच्चीला दार नव्हतं. पण माझ्या हॉलमध्ये शोकेस तयार होती. उत्तम प्लायवूड, सागाची पट्टी, काचेचे दरवाजे आणि धूळ जाऊ नये म्हणून कडेने रबर. वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यांनी देवघराच्या आधी शोकेस पाहिली. त्या दिवशी मी रोलच्या कॅमेऱ्याने फ्लॅश मारून पाचही स्वारांचा एकत्र फोटो काढला आणि मुद्दाम एक प्रत दादाला पाठवली.

त्या फोटोपासून पुढची कितीतरी वर्षं मी वाईट फोटो काढले. काय चुकत होतं ते सांगतो, कारण तुमच्यातले बहुतेक जण दागिन्यांचे, गणपतीच्या मूर्तीचे, नातवाच्या बक्षिसाचे फोटो अगदी तसेच काढतात. टेबलावर वस्तू, आपण उभे, वरून फोन, डोक्यावर ट्यूबलाइट, आणि अंधार वाटला की फ्लॅश. फ्लॅश कॅमेऱ्याच्या जागेवरूनच निघतो. तो समोरून सरळ आदळतो आणि वस्तूवरचे सगळे उंचसखल भाग पुसून टाकतो. नाक, मिशी, कोटाची घडी दिसते ती सावलीमुळे. सावलीच नसेल तर रंगवलेला कागद आणि घडवलेला शिपाई यांत फरक काय? शिवाय जुन्या शिपायांचा रंग चकाकणारा असतो, त्याच्यावर फ्लॅशचा पांढरा डाग पडतो, आणि तो पडतो नेमका चेहऱ्यावर.

मला पहिला धडा दिला तो आपल्याच एका मुलाने. दिवाळीत मागच्या कुंपणाशी मुलं किल्ला करतात. दगड, पोती, चिखल, वर अळीव पेरलेले, सिंहासनावर महाराज आणि पायऱ्यांवर बाजारातून आणलेले मातीचे मावळे. मी दरवर्षी उभ्याने फोटो काढायचो. फोटोत किल्ल्यापेक्षा चिखल जास्त. एका वर्षी बी विंगमधला सातवी-आठवीतला एक मुलगा माझा फोन घेऊन सरळ पोटावर झोपला, नवा कुर्ता घालून. त्याच्या आईने जे म्हटलं ते इथे सांगत नाही. पण त्याचा फोटो मी पाहिला आणि गप्प झालो. महादरवाजा आभाळाला भिडलेला, पहाऱ्यावरचा मावळा आपल्याकडे रोखून बघतोय. तो मावळा तीन इंचांचा आहे हे सांगूनही पटलं नसतं.

म्हणजे कॅमेरा शिपायाच्या डोळ्यांच्या उंचीला पाहिजे. आपला शिपाई दोन इंचांचा, तेव्हा भिंगही टेबलापासून दोन इंचांवर. फोन उभा धरला तर भिंग वरच्या टोकाला राहतं. मग फोन उलटा करा, डोकं खाली. भिंग टेबलाला टेकतं. एवढं एक आज घरी जाऊन केलंत तरी माझं बोलणं फुकट गेलं नाही म्हणेन.

आता उजेड. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेला आहे. उत्तरेच्या खिडकीतून वर्षाचा बराच काळ ऊन थेट आत येत नाही, नुसता आभाळाचा उजेड येतो. आपल्याकडे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य उत्तरेकडे कलतो, तेव्हा सकाळ-संध्याकाळ थोडं ऊन घुसतं. पण त्यातला निम्मा काळ ढगच असतात. टेबल खिडकीला आडवं लावायचं, म्हणजे उजेड शिपायाच्या एका बाजूने येतो. दुसरी बाजू काळी पडली तर तिकडे एक पांढरा कार्डपेपर उभा करायचा. तो उजेड परत फेकतो. आमच्याकडे लग्नपत्रिकांचा उपयोग होतो. आतून कोऱ्या पांढऱ्या असल्या तर उत्तम.

घरातले दिवे त्या वेळी सगळे बंद. हे मी ओरडून सांगतो, कारण आमच्या घरी कोणीतरी "अंधारात काय करताय" म्हणून ट्यूब लावतंच. ट्यूबचा उजेड निळसर, पिवळ्या बल्बचा नारिंगी, खिडकीचा तिसराच. तिन्ही मिसळले की कॅमेरा गोंधळतो. लाल कोट विटकरी होतो, गडद निळा काळा वाटतो, आणि मघाशी म्हटलं तसं, रंग चुकला की पलटण चुकते. दुसरं म्हणजे दोन दिवे म्हणजे दोन सावल्या. आपल्या जगात सूर्य एक, सावली एक. शिपायाला दोन सावल्या पडल्या की बघणाऱ्याला लगेच कळतं, हे टेबलावरचं खेळणं आहे.

रात्री काढायचे असतील तर टेबललॅम्प चालतो, पण त्याच्यापुढे ट्रेसिंग पेपर धरायचा. ३०४मधल्या काकू ब्लाउजचे नमुने काढायला तो आणतात, त्यांच्याकडूनच मी पहिल्यांदा मागून आणला. बटरपेपरही चालतो. ऊन कडक का आणि ढगाळ दिवसाचा उजेड मऊ का? ऊन आभाळातल्या एका छोट्या ठिपक्यातून येतं, ढगाळ उजेड सगळ्या आभाळातून येतो. उजेडाचा उगम वस्तूच्या मानाने जितका मोठा, तितकी सावली मऊ. आता गंमत बघा. हे शिपाई माणसाच्या साधारण बत्तिसाव्या हिश्शाचे. एक फूटभर ट्रेसिंग पेपर आपल्याला एक कागद, पण त्यांना तो बत्तीस फुटांचा. तो जवळ धरला की त्यांचं आभाळ झालं. सिनेमावाल्यांना यासाठी क्रेन लागते, आपल्याला दोन कपड्यांचे चिमटे लागतात. फक्त बल्ब जुन्या पद्धतीचा तापणारा असेल तर कागद लांब ठेवा. एलईडी घेणार असाल तर खोक्यावर सीआरआय हा आकडा बघा. नव्वदच्या वर असेल तर रंग खरे दिसतात.

बाकीचं भराभर सांगतो. मागे राखाडी किंवा फिकट निळा चार्टपेपर लावायचा. त्याला घडी घालायची नाही, भिंतीवरून टेबलावर तो वळणाने उतरला पाहिजे, म्हणजे मागे रेघ दिसत नाही. पांढऱ्या कागदावर कॅमेरा फसतो आणि सगळं मळकट करतो, तेव्हा उजेडाची पट्टी बोटाने थोडी वर सरकवा. फोन वस्तूला चिकटवू नका. अगदी जवळून घोड्याचं तोंड गाढवाएवढं आणि मागचे पाय उंदराएवढे येतात. दीड-दोन फूट मागे जा आणि दुप्पट झूम करा. ट्रायपॉड नसला तर तांदळाच्या पिशवीत फोन खोचा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा, कारण बटण दाबताना सत्तरीतला हात हलतो. मोठा कॅमेरा असणाऱ्यांनी छिद्र एफ ८ ते ११ ठेवावं. आणखी बारीक केलं तर जास्त भाग फोकसमध्ये येतो, पण एकूण चित्र मऊ पडतं. काळ्या घोड्याला मागून थोडा उजेड द्या, नाहीतर तो पार्श्वभूमीत बुडतो. आणि धूळ! डोळ्याला न दिसणारा कण फोटोत दगडाएवढा दिसतो. मऊ ब्रशने झटका. तोंडाने फुंकू नका. का, ते आता येतंच आहे.

२०२२ साली दादाला पंचाहत्तर पूर्ण होणार होती. मनात आलं, बाबांच्या पाच घोडेस्वारांचे उत्तम फोटो काढून त्याला अल्बम द्यावा. थोडा मोठेपणाही होता त्यात. बघ, मी कसे जपलेत. तोपर्यंत खिडकीचं तंत्र हाताला बसलं होतं. एका रविवारी सकाळी शोकेस उघडली. आतून आंबूस वास आला. तो नेहमीच यायचा, मी त्याला 'जुन्या वस्तूंचा वास' म्हणायचो. तुतारीवाल्याला आधी घेतलं, कारण त्याचा घोडा पांढरा आणि त्यावर सावल्या छान येतात. खिडकीचा आडवा उजेड, एक फोटो, मग कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला.

सेक्रेटरी साहेब, जरा हॉलमधले दिवे बंद करता का? थँक यू. ही माझ्या हातात आपल्या सभागृहाच्या रंगवलेल्या भिंतीशेजारी धरलेली टॉर्च आहे. समोरून टाकतो. भिंत कशी दिसते? गुळगुळीत. कंत्राटदाराचं कौतुक. आता तीच टॉर्च भिंतीला चिकटवून बाजूने टाकतो. बघा. पुट्टीचे फुगवटे, भेगा, रोलरच्या रेघा. कमिटीने याची नोंद घ्यावी. जुनी चित्रं तपासणारे तज्ज्ञ असाच आडवा उजेड टाकून रंगाचे पोपडे शोधतात. लावा दिवे.

तर माझ्या फोटोत पांढऱ्या घोड्याच्या चारही पायांवर फोड दिसत होते. बारीक बारीक, गजकर्णासारखे. पायाखाली पांढरी भुकटी. पांढऱ्या घोड्यावर पांढरी भुकटी, बावीस वर्षं मी काचेतून रोज बघत होतो आणि मला दिसली नव्हती. उचलायला गेलो तर मागचा पाय बोटात मोडला. आत शिसं उरलंच नव्हतं. दुसऱ्या एका स्वाराच्या घोड्याचं पोट तसंच झालं होतं. बाकीचे तीन वरच्या काचेच्या फळीवर होते, त्यांना थोडी सुरुवात होती.

याला जमवणारे लोक शिसाची कीड म्हणतात, पण किडा वगैरे काही नसतो. लाकडातून, प्लायवूडच्या गोंदातून, ताज्या रंगातून व्हिनेगरसारख्या आम्लांची वाफ सावकाश निघत राहते. दारं घट्ट बंद, त्यात आपला पावसाळा. आम्ल, ओलावा आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळून शिसाचं पांढरं कार्बोनेट करतात. जुन्या काळी युरोपात रंगासाठीचा सफेदा मुद्दाम असाच करत. शिसाचे पत्रे व्हिनेगरच्या भांड्यांवर ठेवायचे आणि भोवती शेणखत रचायचं, काही आठवड्यांत पत्र्यांवर सफेदा धरायचा. मी तेच केलं होतं, फक्त शेणखताऐवजी सागाची पट्टी लावून. ही भुकटी विषारी, म्हणून फुंकायचं नाही. आणि जे शिसं गेलं ते परत येत नाही.

रबर मीच लावून घेतलं होतं. सुताराने विचारलं होतं, "साहेब, हवेला थोडी फट ठेवू का?" मी नको म्हटलं होतं.

दादाला फोन करायला मला चार दिवस लागले. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "थांब, बघतो," आणि फोन तसाच ठेवून गेला. मला डबा उघडल्याचा आवाज आला. परत येऊन म्हणाला, "आठही ठीक आहेत रे." बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत बाबांच्या धोतराची फडकी. डबा माळ्यावर. चोवीस वर्षांत त्याने तो तीनदाही उघडला नव्हता. पत्र्यातून वाफ निघत नाही आणि धुतलेल्या सुती कापडाने काही बिघडत नाही. ज्याच्या घरी वस्तू कशा असतात ते मला माहीत होतं, त्याच्या घरी त्या धडधाकट होत्या. मी म्हटलं, "दादा, चुकलं माझं." तो म्हणाला, "तुतारीवाल्याचा एखादा चांगला फोटो आहे ना तुझ्याकडे?"

नव्हता. तुतारीवाला धड असतानाचा एकच फोटो, तो २०००चा, वास्तुशांतीचा, फ्लॅशवाला. त्याच्या चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग आहे. कोटाचा रंग पिवळट उतरलाय, निळा होता की हिरवा, त्यावरून सांगता येत नाही. मला निळा आठवतो, दादाला हिरवा. त्यावरून आमचा वाद अजून चालू आहे, पण आता तो दर आठवड्याला फोनवर चालतो.

अल्बम मी दिलाच. त्यात तीन उभे स्वार, एक आडवा, आणि तुतारीवाल्याचं जे उरलं ते, म्हणजे धड, तुतारी धरलेला हात आणि घोड्याची मान. त्या मानेचा फोटो मी सहा वेळा काढला. शेवटी सकाळी सव्वानऊच्या उजेडात, एक लग्नपत्रिका डावीकडे ठेवून, जसा हवा तसा आला. आयाळीवरचा ब्रशचा एकेक फटकारा दिसतो. लंडनमध्ये कुणीतरी तो हाताने ओढलाय. दादाच्या टीव्हीवर तो फोटो आहे.

शोकेसमध्ये आता आमच्या घरातले स्टीलचे पेले आहेत. शिपाई झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यांत, सिलिका जेलच्या पुड्यांसकट, आणि महिन्यातून एकदा झाकण उघडून हवा. दरवर्षी खंडेनवमीला, घरोघरी शस्त्रं आणि अवजारं पुजतात त्या दिवशी, मी हे सगळे बाहेर काढतो. पावसाळा नुकताच संपलेला असतो. प्रत्येकाचे चार बाजूंनी चार फोटो, तीच खिडकी, तोच कागद, तेच अंतर. मग गेल्या वर्षीच्या फोटोंशेजारी ठेवून बघतो. गेली तीन वर्षं तिघांत फरक नाही.

यंदा दादाने पत्र्याचा डबा पुतण्याबरोबर पाठवला. त्याच्या गुडघ्यांना आता नाशिकहून इथवरचा प्रवास झेपत नाही. डब्यात चिठ्ठी होती, "फोटो काढून झाले की तुझ्याकडेच ठेव. डबा बदलू नकोस."

ते आठ आणि माझे तीन या खोक्यात आहेत. अडुसष्ट वर्षांपूर्वी एका पुडक्यातून निघालेले, आज एकत्र. मुलांनो, इकडे खिडकीच्या बाजूने रांग लावा, लहान आधी. हात मागे बांधून बघायचं. टॉर्च मी धरतो, तुम्ही सांगायचं, कोट निळा की हिरवा. उरलेल्या तिघांचाही मला आता नक्की सांगता येत नाही, मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. आणि चुकून कुणाचा हात लागलाच, तर बटाटेवडा घेण्याआधी साबणाने हात धुवा. नळाला पाणी आहे ना, सेक्रेटरी साहेब?